छात्राध्यापकांचा ई-पोर्टफोलिओ: गूगल साइट्स की महारा?

बी.एड.च्या विद्यार्थ्यांचे पोर्टफोलिओ, म्हणजे त्यांच्या पाठांचे आणि कामाचे निवडक संग्रह, कागदी फायलींतून संगणकावर आणायचे ठरले की पहिला प्रश्न साधनाचा येतो. बेळगावच्या एका मराठी माध्यमाच्या अध्यापक महाविद्यालयात मी शिकवतो. आमच्याकडे दोन तुकड्यांचे पोर्टफोलिओ गूगल साइट्स या संकेतस्थळ बनवण्याच्या साधनावर झाले आणि त्यानंतरच्या दोन तुकड्यांचे महारा या खास ई-पोर्टफोलिओसाठीच्या प्रणालीवर. निपाणी, चिकोडी, खानापूर भागातील सहकारी या दोहोंविषयी अधूनमधून विचारतात, म्हणून माझा अनुभव एकत्र मांडतो. पोर्टफोलिओ कशासाठी ठेवायचा, हे वाचकांना ठाऊक आहे असे मी धरून चालतो.

साइट्सच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. विद्यार्थ्याचे गूगल खाते असतेच, त्यात १५ जीबी जागा विनामूल्य मिळते, सर्व्हरची कटकट नाही आणि दोन तासांच्या कार्यशाळेत विद्यार्थी पहिले पान तयार करून दाखवतो. पान दिसतेही देखणे. एक अडचण म्हणजे ते फोनवर नीट वाचता येते, पण त्याच्या मांडणीचे काम संगणकावर बसूनच करावे लागते. जांबोटीकडच्या खेड्यातील शाळेत आंतरवासितेला, म्हणजे प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावाला, गेलेल्या विद्यार्थ्याजवळ फोनच असतो, त्यामुळे त्याचे पान शनिवारपर्यंत रिकामे राहते. तरीही केवळ एवढ्यासाठी मी साइट्स सोडले नसते.

महाराची सुरुवात २००६ साली न्यूझीलंडमध्ये झाली. ते मुक्तस्रोत आहे आणि ‘महारा’ हा माओरी शब्द विचार करण्याशी, स्मरणाशी निगडित आहे. ते चालवायला सर्व्हर लागतो आणि तो सांभाळणारा जाणता माणूसही लागतो. पावसाळ्यात आमच्याकडे विजेचा भरवसा नसतो, म्हणून महाविद्यालयातील संगणकावर ते बसवण्याचा विचार सोडून आम्ही बाहेरच्या सर्व्हरवर भाड्याने जागा घेतली. पहिल्या पंधरवड्यात विद्यार्थी गोंधळतात, हे मान्य केले पाहिजे. फाईल, नोंदवही, पान आणि पानांचा संग्रह या चार गोष्टी तिथे वेगवेगळ्या असतात, आणि हे वेगळेपण एकदा फळ्यावर आकृती काढून समजावल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही.

भाषेच्या बाबतीत दोन्ही साधने माझ्या पाहण्यात सारखीच ठरली. आमची पाठ टाचणे मराठीत असतात, पण पोर्टफोलिओ पाहणारे परीक्षक कन्नड माध्यमातले असू शकतात. म्हणून प्रत्येक पाठाखाली चार ओळींचा कन्नड सारांश आम्ही आवर्जून लिहून घेतो. युनिकोडमध्ये टंकलेला मजकूर दोन्हीकडे एकाच पानावर व्यवस्थित बसतो. नुडी किंवा श्रीलिपी यांसारख्या युनिकोड नसलेल्या जुन्या टंकांतील मजकूर मात्र थेट चिकटवला तर दोन्हीकडे सारखाच विस्कटतो, त्यामुळे तो आधी रूपांतरित करून घ्यावा.

माझा निर्णय ज्या गोष्टीवर ठरला ती म्हणजे परवानगी. साइट्समध्ये पानाची परवानगी वेगळी आणि त्या पानावर गूगल ड्राइव्ह या फायली साठवण्याच्या जागेतून जोडलेल्या दस्तऐवजाची, पीडीएफची किंवा चित्रफितीची परवानगी वेगळी असते. विद्यार्थी पान प्रसिद्ध करतो, स्वतःच्या खात्यातून उघडून पाहतो, आणि त्याला सगळे व्यवस्थित दिसते, कारण त्या फायली त्याच्याच असतात. दुसऱ्याने तेच पान उघडले की चित्रफितीच्या जागी परवानगी मागण्याची सूचना येते. वार्षिक परीक्षेच्या दिवशी आमच्या एका विद्यार्थिनीवर हाच प्रसंग आला. धान्य मोजण्याची चिपटी आणि मापटी वर्गात नेऊन तिने चौथीच्या मुलांना धारकता शिकवली होती. मुले मापट्याने तांदूळ भरत आहेत, एक मुलगी काठोकाठ भरलेले माप हाताने सपाट करते आहे, आणि ‘सपाट का करायचे?’ हा शिक्षिकेचा प्रश्न मागून ऐकू येतो, अशी ती चित्रफीत होती. परीक्षकांच्या पडद्यावर तिच्या जागी करडी चौकट आली. परवानगीची विनंती विद्यार्थिनीच्या ईमेलवर गेली. तिचा फोन नियमाप्रमाणे बंद करून बाहेर पिशवीत ठेवलेला होता. परीक्षकांनी सौजन्याने तोंडी विचारून गुण दिले, पण वर्षभरातला तिचा सर्वांत चांगला पाठ कोणी पाहिलाच नाही. ती हळहळ मला अजून वाटते.

यावर विद्यार्थ्यांनी शोधलेला उपाय मूळ दुखण्याहून काळजीचा निघाला. दुव्यावरून कोणालाही पाहता येईल, अशी सरसकट परवानगी त्यांनी सगळ्या फायलींना देऊन टाकली. त्या चित्रफितींत सराव शाळेतील लहान मुलांचे चेहरे आहेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचे तत्त्व स्वीकारले आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या आईने मास्तरांच्या शब्दावर विश्वासून मुलाचे चित्रीकरण करू दिले, तिला ती चित्रफीत गावोगाव फिरावी असे खचितच वाटणार नाही.

महारामध्ये हा दुहेरी हिशेब ठेवावा लागत नाही. पान ज्याला दाखवले, त्याला त्या पानावरच्या फायलीही दिसतात. पान कोणाला दाखवायचे हे विद्यार्थी स्वतः ठरवतो, आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत हेही ठरवू शकतो. परीक्षकांकडे महाराचे खाते नसेल तर त्यांच्यापुरता एक गुप्त दुवा देता येतो. आम्ही तो परीक्षेच्या आठवड्यापुरताच चालू ठेवतो. मूल्यमापनासाठी गटाकडे सादर केलेले पान शिक्षक परत करेपर्यंत बदलता येत नाही, त्यामुळे आदल्या रात्रीची घाईची डागडुजीही आपोआप थांबते. चित्रफितींच्या आकाराला मात्र प्रशासकाने आखून दिलेली मर्यादा असते. आम्ही तीन मिनिटांचाच तुकडा मागतो, आणि माझ्या मते त्यामुळे विद्यार्थी निवड करायला शिकतो. सगळा पाठ जसाच्या तसा चढवण्यापेक्षा त्यातली कोणती तीन मिनिटे दाखवायची, हे ठरवताना त्याला आपल्या अध्यापनाकडे पुन्हा पाहावे लागते.

पुढचा विचारही महत्त्वाचा आहे. आमची बरीच मुले शिक्षण झाल्यावर कोल्हापूरकडे नोकरी शोधतात. संस्थेने दिलेल्या खात्यावर बांधलेली साइट ते खाते बंद होताच नाहीशी होऊ शकते. स्वतःच्या खात्यावर बांधली असेल तर ही भीती नाही. संस्थेचे महारा खातेही कधीतरी बंद होणारच, परंतु तिथून सगळा पोर्टफोलिओ एचटीएमएलच्या, म्हणजे कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या पानांच्या, रूपात बाहेर काढता येतो. निरोप समारंभाच्या आधी प्रत्येकाने तो पेन ड्राइव्हवर घ्यावा, असा दंडक आम्ही घातला आहे.

आपली परिस्थिती वेगळी असू शकते. सर्व्हर सांभाळणारे कोणी नसेल, तुकडी लहान असेल आणि पोर्टफोलिओत मुलांच्या चित्रफिती नसतील, तर साइट्सवर काम भागेल. एकट्या शिक्षकाने महाराच्या मागे लागू नये, असेच मी सुचवेन. वर्डप्रेस हे संकेतस्थळ बनवण्याचे साधनही काहींनी सुचवले होते, पण तिथे मुलांचा वेळ सजावटीत जातो असे मला वाटले. मात्र संस्था म्हणून निर्णय घ्यायचा असेल आणि आंतरवासितेचे पाठ हाच पोर्टफोलिओचा गाभा असेल, तर मी महाराकडे झुकतो. साइट्सच घेणार असाल, तर सगळ्या चित्रफिती एकाच फोल्डरमध्ये ठेवा, त्या फोल्डरची परवानगी परीक्षकांच्या ईमेल पत्त्यालाच द्या, आणि परीक्षेच्या दोन दिवस आधी ते पान परीक्षकांच्याच खात्यातून एकदा शेवटपर्यंत उघडून पाहायची त्यांना विनंती करा.