गोदाकाठच्या मंडळाने आधी काय घ्यावं: दोर, बोट की हेलिकॉप्टरचा भरवसा?

सायखेड्याकडच्या एका मंडळातल्या पोरांनी यंदाच्या वर्गणीतून थोडी रक्कम पुरासाठी बाजूला काढली आहे. एक गट म्हणतो रबरी बोट घेऊ, दुसरा म्हणतो दोर आणि लाईफ जॅकेटं. तिसऱ्याचं म्हणणं, अडलंच तर हेलिकॉप्टर येतंच की. त्यांनी मला विचारलं म्हणून हे लिहितोय. सुरुवात तिसऱ्या गटापासून करतो, कारण मला काळजी वाटते ती त्यांच्या भरवशाची.

ऑगस्ट २०२४ मध्ये मालेगावजवळ गिरणेला एकाएकी पाणी चढलं आणि मासे धरायला गेलेले लोक पात्रातल्या खडकावर अडकले. रात्र तिथेच काढावी लागली, मग हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने त्यांना उचललं. पायाखाली खडक होता म्हणून ते तोवर तगले. धारेत वाहत चाललेल्या माणसाकडे रात्र नसते, त्याच्याकडे काही मिनिटं असतात. हेलिकॉप्टरची मागणी तहसीलदाराकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि तिथून वर जाते. नाशिकमध्ये गांधीनगरला लष्कराचं हेलिकॉप्टर प्रशिक्षण केंद्र आहे, म्हणून आपल्याला वाटतं दोन मिनिटांत येईल. पण हुकूम वरूनच यावा लागतो, आणि अंधार, खाली आलेले ढग, विजेच्या तारा यांपुढे वैमानिकाचाही इलाज चालत नाही.

शिवाय हेलिकॉप्टर डोक्यावर आलं तरी काम संपत नाही. १३ जानेवारी १९८२ ला वॉशिंग्टनमध्ये बर्फाळलेल्या पोटोमॅक नदीत प्रवासी विमान कोसळलं. पार्क पोलिसांच्या हेलिकॉप्टरने दोराला कडं बांधून खाली सोडलं. एका बाईची बोटं इतकी बधिर झाली होती की दोर हातात टिकेना. शेवटी काठावरच्या एका माणसाने कोट-बूट काढून पाण्यात उडी घेतली आणि तिला ओढून आणलं. विमानातल्या ७९ जणांपैकी ५ वाचले. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९८३ मध्ये, व्हर्जिनियाच्या किनाऱ्याजवळ 'मरीन इलेक्ट्रिक' हे जहाज बुडालं. तटरक्षकांच्या हेलिकॉप्टरने पाळणा खाली सोडला, पण गारठलेल्या खलाशांना त्यात चढता येईना. ३४ पैकी ३ जण जिवंत परतले. त्यानंतरच अमेरिकी तटरक्षक दलाने हेलिकॉप्टरसोबत पाण्यात उतरणारा जीवरक्षक न्यायला सुरुवात केली.

गोदेत बर्फ नसतो, हे खरं. पण पाणी अंगातली ऊब हवेच्या सुमारे २५ पट वेगाने ओढून घेतं. श्रावणातल्या रात्री वाऱ्यात भिजून तासभर पाण्यात उभ्या राहिलेल्या माणसाला विचारा, आधी बोटंच ऐकेनाशी होतात. म्हणून बुडणाऱ्याला 'दोर घट्ट धर' असं सांगून भागत नाही. त्याच्या अंगात जॅकेट असलं तर हात सुटले तरी तो वर राहतो.

आता दोर. आपल्याकडची जुनी पद्धत म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्याच्या कमरेला दोर बांधायचा आणि त्याला धारेत सोडायचं. ही पद्धत आजच बंद करा. दोर ताणला की धार त्याच माणसाला खाली दाबते, आणि गाठ सुटत नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, तिथे पोहण्याची कला कामी येत नाही. थ्रो बॅग घ्या: पिशवीत भरलेला, पाण्यावर तरंगणारा १५-२० मीटरचा दोर. टोक आपल्या मुठीत (मनगटाला गुंडाळायचं नाही), पिशवी माणसाच्या डोक्यावरून पलीकडे पडेल अशी फेकायची. त्याने उताणं होऊन, पाय पुढे करून, दोर खांद्यावरून छातीशी धरायचा. मग ओढाओढी करावी लागत नाही, धारच त्याला झोका देऊन काठाला आणते. पोरांनी घाटावर सराव केला तेव्हा पहिल्या दहा फेकींत दोनच जागेवर पडल्या. संध्याकाळपर्यंत हात बसला. काठावर उभ्या असलेल्यानेही जॅकेट घालायचंच.

बोटीला मी नाही म्हणत नाही. सायखेडा-चांदोरीत नांदूरमध्यमेश्वर धरणाची फुगवट येते, म्हणजे अडलेलं पाणी मागे चढतं, पाणी गल्ल्यांत पसरून राहतं, तिथे म्हातारी माणसं, बाळंतीण बाई बोटीतूनच बाहेर येतात. पण नाशकात रामकुंडापासून पुढे, पुलांच्या कमानींतून धार सुटलेली असताना बोट घालणं म्हणजे बचाव करणाऱ्यांचाच जीव धोक्यात. आणि ऑगस्ट २०१९ च्या पुरातलं सांगली जिल्ह्यातलं ब्रह्मनाळ विसरू नका: क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसली, बोट उलटली, गावातलीच माणसं गेली. इंजिन चालवणारे दोन शिकलेले हात आणि बसणाऱ्या प्रत्येकाला जॅकेट, एवढं जमत नसेल तर बोट घेऊ नका.

माझा सल्ला असा: या वर्षी जॅकेटं आणि थ्रो बॅगा, प्रत्येक वस्तीत निदान एक जोडी. बोट पुढच्या वर्षी, शिकून झाल्यावर. २०२७ चा सिंहस्थही ऐन पावसाळ्यातच आहे, तेव्हा हे हात नाशकातही लागतील. हेलिकॉप्टरसाठी पैसे लागत नाहीत, तयारी लागते. तारा नसलेलं उंचावरचं एक वावर आत्ताच हेरून ठेवा, तिथले पत्रे-ताडपत्र्या आवरा, कारण पंख्याच्या वाऱ्याने ते उडून माणसाला लागतात. आणि वरून हुक खाली आला की तो आधी जमिनीला किंवा पाण्याला टेकू द्या. त्यात साठलेल्या विजेचा झटका बसतो. तो टेकल्यावरच हात लावायचा, हे पोराबाळांनाही शिकवून ठेवा.