पहिल्यांदाच सीएसआर लागलाय? स्वतः करायचं, संस्थेला द्यायचं की फंडात टाकायचं

मागच्या वर्षीचा नफा 5 कोटीला पोचला की सीए सांगतो, साहेब आता तुम्हाला सीएसआर (नफ्यातला ठरावीक भाग समाजाच्या कामावर खर्च करायचं कायद्याचं बंधन) लागू झाला, आणि मग फेब्रुवारीत धावाधाव सुरू. उलाढाल 1000 कोटी किंवा नेटवर्थ (मालमत्तेतून देणी वजा जाता उरतं ते) 500 कोटी असेल तरी लागतोच, पण एमआयडीसीतल्या मध्यम कंपन्या बहुतेक नफ्यामुळेच यात येतात. समजा तीन वर्षांचा नफा 4, 5 आणि 6 कोटी, म्हणजे सरासरी 5 कोटी, त्याचे 2 टक्के म्हणजे 10 लाख खर्च करायचे. 50 लाखांच्या आत रक्कम असली तर वेगळी सीएसआर कमिटीही लागत नाही, बोर्डानेच ठरवायचं.

फंडात टाकणं सगळ्यात सोपं. पीएम केअर्स नाहीतर स्वच्छ भारत कोष, पैसे पाठवले, पावती आली, फाईल बंद. (मुख्यमंत्री सहायता निधी यात धरत नाहीत, केंद्राने 2020 मध्येच तसं सांगितलंय, तरी लोक अजून विचारतात.) पण ज्या गावाच्या रस्त्यावरून रात्रंदिवस तुमचे कंटेनर जातात त्या गावाला काय मिळालं? कायदाच म्हणतो की आसपासच्या भागाला प्राधान्य द्या. आणि मार्चमध्ये घाबरून तर अजिबात टाकू नका, उरलेले पैसे अशा फंडात भरायला 30 सप्टेंबरपर्यंत वेळ असतो, आणि बोर्डाने मंजूर केलेला प्रोजेक्ट चालू असेल तर 30 एप्रिलपर्यंत वेगळ्या अनस्पेंट (न खर्चलेल्या सीएसआर पैशांच्या) बँक खात्यात ठेवून पुढची तीन वर्षं खर्च करता येतात.

स्वतः करण्यात समाधान आहे, फोटोही छान येतात. शाळेला बेंच, दप्तरं वगैरे एकदा देऊन संपणारं काम असेल तर स्वतःच करा, त्यात मध्ये कोणी कशाला. पण आरओ प्लांट, सोलर दिवे असलं काही असेल तर सांभाळून. उद्घाटन झाल्यावर लाइट बिल कोण भरणार, पाणी गाळणारं मेम्ब्रेन कोण बदलणार हे कोणी विचारलेलंच नसतं आणि तुमचा एचआरवाला बिचारा आधीच कँटीन, बस आणि युनियनमध्ये अडकलेला, तो दर महिन्याला गावात जाणार कधी? शिवाय ती मालमत्ता कंपनीच्या नावावर ठेवता येत नाही, ग्रामपंचायत, बचत गट किंवा सीएसआरसाठी नोंदलेल्या संस्थेच्या नावावर करावी लागते, म्हणजे त्यांच्याशी आधी बोलणं आलंच.

तिसरा रस्ता सामाजिक संस्थेचा, आणि 10-20 लाखांसाठी मला तोच पटतो. सीएसआर-1 नंबर (सीएसआरची कामं घ्यायची सरकारी नोंदणी), 12ए आणि 80जी या आयकराच्या नोंदण्या आणि तीन वर्षांच्या कामाचा अनुभव एवढं बघायचं, आणि मग त्यांनी दोन वर्षांपूर्वी काम केलेल्या गावात त्यांना न कळवता चक्कर मारायची, अहवालापेक्षा तिथे जास्त कळतं. कार्यकर्त्यांच्या पगाराला पैसे द्यायला कंपन्या नाक मुरडतात, 5 टक्क्यांची मर्यादा आहे म्हणतात, पण ती कंपनीच्या स्वतःच्या ऑफिसखर्चाला आहे, संस्थेच्या नाही. माणूसच ठेवला नाही तर काम काय आपोआप होणार? आणि अर्धे पैसे रोख परत देतो म्हणणारा भेटला तर चहा पाजून वाटेला लावा. स्वतःचा ट्रस्ट काढायचा विचार रक्कम कोटीच्या घरात गेल्यावर करा, आत्ता नुसतं ऑडिटचं लचांड.

रस्ता कुठलाही घ्या, ‘गावाशी बोललो’ म्हणजे सरपंचांसोबत चहा, एवढ्यावर भागवू नका. शाळेचं काम असेल तर शाळा व्यवस्थापन समिती, पाण्याचं असेल तर बचत गटातल्या बायका, कारण हंडा त्यांच्या डोक्यावर असतो. त्यांना काय पाहिजे हे विचाराच, पण तुम्ही स्वतःचं काय घालणार हेही विचारा. धरणातला गाळ काढायच्या सरकारी गाळमुक्त धरण योजनेत सुरुवातीला शेतकरी स्वतःच्या खर्चाने गाळ शेतात न्यायचे, मशीन आणि डिझेलला सरकारचे किंवा सीएसआरचे पैसे. स्वतःचा पैसा गुंतलेला असला की खोदाई नीट होतेय का यावर गावाचंच लक्ष राहतं.

तेव्हा यंदा 15 ऑगस्टच्या ग्रामसभेला कंपनीतलं कोणीतरी पाठवा, मागे बसून नुसतं ऐकायला, बॅनर न घेता. संस्था निवडायची ती त्यानंतर.