लडाखची सहल झकास, पण वाळूला वेळच नाही

पुण्यातल्या एका ट्रॅव्हल कंपनीबरोबर सप्टेंबरमध्ये लडाखला जाऊन आलो. गाड्या उत्तम, लेहला पोचल्यावर सक्तीची विश्रांती दिली तेही बरं केलं. जेवणात राजमा जरा अतीच. तक्रार आहे ती नुब्रा खोऱ्यातल्या हुंदर गावची.

मी धायरीत बांधकामाची कामं घेतो, आयुष्य वाळू चाळून घेण्यात गेलं. दहा हजार फुटांवर बर्फाच्या डोंगरांखाली वाळूच्या टेकड्या असतात, त्या बघायच्या म्हणून तर पैसे भरले. प्रत्यक्षात भर दुपारी दोन वशिंडांच्या उंटासाठी टोकन घेऊन रांगेत उभं केलं. पाऊण तास त्यातच गेला.

खरी माहिती दिली ती आमच्या ड्रायव्हरने. गडी डिस्किटचाच. उन्हाळ्यात हिमनद्या वितळल्या की श्योक नदी पात्रभर गढूळ वाहते आणि डोंगरांचा चुरा आणून टाकते. पाणी ओसरलं की पात्र उघडं पडून सुकतं. दुपारी डोंगरउतार तापले की खोऱ्यात वारा सुटतो. गोटे-खडी जागेवर राहते, बारीक वाळू तेवढी उडते आणि काटेरी झुडपांशी वारा मंदावला की तिथे साठते.

उंट सोडून मी एका टेकडीच्या धारेवर जाऊन बसलो. कण नडगीएवढ्या उंचीने उड्या मारत चढ चढत होते आणि धारेवरून पलीकडे पडत होते. पलीकडची बाजू साधारण 34 अंशांत उभी. साइटवर कोरडी वाळू ओतली की ढीग याच कोनात थांबतो. जास्त भर पडली की पापुद्रा घसरतो. असं करत अख्खी टेकडी पुढे सरकते. (काँक्रीटला ही वाळू निरुपयोगी, सगळे कण एकाच मापाचे.)

मुलगा डेन्व्हरला असतो, त्यामुळे कोलोरॅडोतल्या ग्रेट सँड ड्यून्सही पाहिल्यात. तिथे नैर्ऋत्येचा वारा वाळू डोंगरापाशी आणून टाकतो आणि वादळात खिंडींतून उलटा वारा येऊन ती मागे रेटतो. या रेटारेटीत टेकड्या पसरण्याऐवजी उंच होतात, सर्वांत मोठी सुमारे 225 मीटर! हुंदरच्या तिच्यापुढे लहान, पण घडताना डोळ्यांनी दिसतात.

परत आल्यावर कंपनीच्या ऑफिसात हे सांगितलं, तर मॅनेजर म्हणाला, “काका, लोकांना उंटच हवा असतो.” साडेतीन तारे. जाणार असाल तर बुकिंग करतानाच हुंदरचा मुक्काम लिहून घ्या, चारनंतर वाळूत जा आणि गॉगल विसरू नका.