हिरवळीच्या खताचं मिक्स पाकीट: बियाणं चांगलं, पण मिश्रण पटलं नाही

पाचपैकी तीन स्टार. बियाण्याला चार दिले असते, एक स्टार मिश्रण ज्याने ठरवलं त्याच्यामुळे गेला.

हिरवळीचं खत म्हणजे पीक वाढवून ते कोवळं असतानाच जमिनीत गाडायचं. पाकिटात ताग (बोरू), धैंचा, चवळी आणि मोहरी असं एकत्र येतं, सोबत रायझोबियमची (शेंगवर्गी पिकांच्या मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र म्हणजे नायट्रोजन धरणाऱ्या जिवाणूंची) छोटी पुडी. बियाणं स्वच्छ आहे, काडीकचरा नाही, उगवण चाचणीची तारीख छापलेली आहे (हे फार कमी जण छापतात) आणि ताग तर एकदम दाट उगवला. धैंचा मागे राहिला पण त्यात कंपनीचा दोष नाही, त्याचं टरफलच टणक असतं, रात्रभर भिजत घातला की बरा उगवतो. आता मिश्रणात तो एकटा कसा वेचून भिजवायचा ते त्यांनाच माहीत.

खरी अडचण पुढे आहे. मागे सूचना लिहिलीय, "फुलोऱ्यात आल्यावर गाडावे." अहो पण कोणाच्या फुलोऱ्यात? मोहरी महिना-सव्वा महिन्यात पिवळ्या फुलांनी भरून मोकळी, तेव्हा ताग अजून उंची घेत असतो. ताग-धैंचा साधारण ४५ ते ५० दिवसांनी, फुलं नुकती दिसायला लागली की गाडायचे असतात. तोवर थांबलात तर मोहरीला शेंगा धरून ती निबर व्हायला लागते, आणि मोहरीसाठी लवकर कापलं तर तागाचा पाला निम्माच मिळतो. उलट ताग जास्त ठेवला तर त्याची दोरी होते. म्हणजे खोड इतकं चिवट होतं की ते कुजवायला जमिनीतले जिवाणू तिथलंच नत्र ओढून घेतात आणि वर लावलेली भाजी पिवळी पडते, मग लोक म्हणतात हिरवळीच्या खताने काही होत नाही. शिवाय मोहरी थंडीची, बाकी तिघं उन्हाळा-पावसाळ्यातली, यांना एका पाकिटात कोंबायचं कारण मला तरी समजलं नाही.

दुसरा आक्षेप "सर्व भाज्यांसाठी" या दाव्याला. हिरवळीचं पीक निवडताना आधी त्या वाफ्यात पुढे काय लावायचंय ते बघायचं असतं. मोहरी आणि कोबी, फ्लॉवर, मुळा ही सगळी एकाच कुळातली, त्यामुळे कोबीच्या आधी मोहरीचा बेवड (आधीचं पीक) म्हणजे त्याच किडी-रोगांना आगाऊ मुक्काम. टोमॅटो, भेंडी, वांग्याच्या वाफ्यात मुळांवर रोगट गाठी करणारे सूत्रकृमी (मातीतले सूक्ष्म किडे) असतील तर ताग उत्तम, ते त्याच्यावर वाढत नाहीत, पण चवळीच्या बऱ्याच जातींवर मजेत वाढतात. म्हणजे एकाच पाकिटात औषध पण आहे आणि पाहुणचार पण! धैंचा पाणी साचणाऱ्या, चोपण (क्षारांनी घट्ट झालेल्या) जमिनीत कमाल करतो, तागाला मात्र पाणी साचलेलं अजिबात चालत नाही. मग दोन्ही एका वाफ्यात टाकून काय साधतं?

पुडीबद्दल. ताग आणि चवळीला एकाच गटाचे जिवाणू चालतात, धैंच्याचे वेगळे आणि मोहरीला तर त्याचा काही उपयोगच नाही, ती नत्र धरत नाही. हे पाकिटावर कुठेच नाही. पुडी काम करते का ते बघायचं तर झाड नुसतं उपटू नका, जिवाणूंच्या गाठी तुटून मातीतच राहतात. खुरप्याने मुळाभोवतीची माती सैल करून अलगद काढा, पाण्यात धुवा आणि मुळावरची एक गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल दिसलं तर नत्र धरणं चालू आहे, पांढरी किंवा हिरवट असेल तर ती नुसतीच बसलीय. तागाच्या मुळांवर मस्त लालचुटूक निघाल्या, धैंच्यावर मोजक्याच आणि त्याही फिक्या. आधीच भरपूर शेणखत घातलेल्या वाफ्यात तागावर पण कमी दिसतील, आयतं नत्र मिळतंय म्हटल्यावर झाड कशाला कष्ट घेईल.

गाडण्याची सूचना पण अर्धवट आहे. विळ्याने कापून बोटभर तुकडे करा, वाफसा असताना (माती ओलसर पण चिखल नाही अशी) वरच्या वीतभर मातीत मिसळा आणि रोपं लावायला दोन-तीन आठवडे तरी थांबा, ओल कमी असेल किंवा हवा थंड असेल तर अजून जास्त. ताज्या कुजणाऱ्या पाल्यात लगेच बी पेरलं तर मर येते (रोपं कोलमडून मरतात), बी खाणाऱ्या अळ्या येतात. पाकिटावर "लगेच लागवड करता येते" असं छापलंय, ते आधी काढून टाका राव.

परत घेईन का? हे नाही घेणार. पुढे काय लावायचंय ते ठरवून सुटा ताग किंवा सुटा धैंचा घेईन, हातात वेळ कमी असेल तर मूग, आणि जिवाणू संवर्धन (म्हणजे अशी पुडी) त्या पिकाचंच आणि मुदत बघून. ज्यांनी आधीच घेतलंय त्यांनी फेकू नका, बारीक चाळणीतून काढा, मोहरी खाली पडते, चवळीचे टपोरे दाणे वरचे वर वेचता येतात, ताग-धैंचा पण आकारावरून ओळखू येतात, तागाचं बी चपटं आणि मोठं, धैंच्याचं बारीक लांबट. पुडी ताग-चवळीच्या बियाण्याला सावलीतच चोळा आणि लगेच पेरा, उन्हात ठेवली तर जिवाणू मरतात.