कोलोबोमाचं लेझर: सिंगापूर की हैदराबाद?

माझ्या मुलीच्या दोन्ही डोळ्यांत जन्मापासून कोलोबोमा आहे. एका डोळ्याचं लेझर सिंगापूरला झालं, दुसऱ्याचं हैदराबादला. त्यामुळे सोलापुरातले ओळखीचे पालक ‘बाहेर न्यावं का?’ असं विचारतात तेव्हा दोन्हीकडचं थोडंफार सांगता येतं. मी डॉक्टर नाही, हे बापाच्या नजरेतून पाहिलेलं आहे, तेवढंच धरा.

आधी एक गोष्ट स्पष्ट व्हावी, कारण ती न कळल्यामुळे माणसं कर्ज काढायला निघतात. गरोदरपणाच्या पाचव्या ते सातव्या आठवड्यात डोळ्याच्या खालच्या बाजूची फट मिटायची राहते, तो हा दोष. लेझरने ती फट भरून येत नाही, नजर वाढत नाही आणि बाहुलीचा किल्लीच्या भोकासारखा आकारही बदलत नाही. जगात कुठेच नाही. फटीच्या कडेने, जिथे डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) निरोगी आहे तिथे लेझर मारतात, म्हणजे तो खालच्या थराला घट्ट धरून राहावा आणि पुढे सुटू नये. हेसुद्धा प्रत्येक मुलाला करावंच यावर डॉक्टरांचं एकमत नाही. काही जण नुसतं लक्ष ठेवायला सांगतात आणि त्यांच्या म्हणण्यालाही आधार आहे.

सिंगापूर ठरलं ते मेहुण्यांमुळे. ते तिथे नोकरीला आहेत, राहायची सोय होती आणि भाचीसाठी त्यांचा जीव तुटत होता. तिथे जे मिळालं ते खरोखर चांगलं होतं. डॉक्टरांनी वेळ दिला. पडद्याचे फोटो मोठ्या स्क्रीनवर लावून आमच्याआधी मुलीला समजावून सांगितलं. दहा वर्षांच्या पोरीला कुणी तिच्याच डोळ्याबद्दल तिच्याशी बोलतंय, हे ती अजून सांगते. थेंब घालून डोळा बधिर केला, भिंग लावलं आणि बसल्या बसल्या लेझर झालं. (तान्ह्या बाळाला हे भूल देऊन करावं लागतं, तेव्हा बाळाच्या आईवडिलांनी भुलेच्या डॉक्टरांचा विचार आधी करावा.)

हैदराबादला असा निवांतपणा नाही. गर्दी भरपूर. बाहुली मोठी व्हायचे थेंब घालून बसलं की नंबर कधी येईल ते सांगता येत नाही, अख्खा दिवस जातो. डॉक्टर नेमकं बोलतात, पण कमी बोलतात. हा मुद्दा ज्यांना महत्त्वाचा वाटतो त्यांचं मला चूक वाटत नाही. डॉक्टरांच्या हातात मात्र फरक जाणवला नाही. तिथलं एल. व्ही. प्रसाद हे डोळ्यांचं रुग्णालय १९८७ पासून आहे, चेन्नईचं शंकर नेत्रालय त्याच्याही आधीचं, १९७८ चं. आपल्या देशात असे डोळे पाहिलेले पडद्याचे डॉक्टर पुष्कळ आहेत.

पैशाचं फार लिहीत नाही. आमच्या बाबतीत सिंगापूरच्या नुसत्या विमान तिकिटांचा आकडा हैदराबादच्या लेझरच्या बिलापेक्षा मोठा होता, यावरून अंदाज यावा.

माझं मत फिरलं ते वेगळ्याच कारणाने. सिंगापूरहून परत आल्यावर काही आठवड्यांनी मुलगी रात्री म्हणाली, डोळ्यात वीज चमकल्यासारखं होतंय. पडदा ओढला जातोय का, ही भीती. सकाळी इथल्या पडद्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नीट तपासलं, पडदा जागेवर आहे म्हणाले, पण एक शंका काढली: कडेच्या एका भागात लेझरच्या खुणा दिसत नाहीत. तो भाग राहून गेलाय की मुद्दाम सोडलाय? डोळ्याच्या नसेपासून नजरेच्या मध्यबिंदूकडे जाणारे तंतू तिथून जात असतील, तर तिथे लेझर मारणं म्हणजे उरलेली नजर घालवणं. आणि राहून गेला असेल, तर तिथूनच पडदा सुटू शकतो. हे करणाऱ्यालाच नेमकं माहीत असणार.

आमच्या हातात होतं एक सुबक पत्र. लेझर झालं, गुंतागुंत नाही, पुन्हा तपासणीला आणावं. पडद्याचं रेखाचित्र नाही, नंतरचा फोटो नाही. मेल केली. काही दिवसांनी सभ्य भाषेत उत्तर आलं की, प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, भेटीची वेळ घ्यावी. म्हणजे पुन्हा व्हिसा, पुन्हा मुंबई, पुन्हा विमान, तेही एका प्रश्नाच्या उत्तरासाठी. इथले डॉक्टर म्हणाले, दुसऱ्याने केलेल्या लेझरला मी माहितीशिवाय हात लावणार नाही. त्यांचं बरोबरच होतं. मधल्या मधे आमची झोप उडाली. रात्री दोन-तीनदा उठून बायको पोरीला ‘आता दिसतंय का गं?’ विचारायची, आणि पोरगी वैतागायची.

शेवटी हैदराबादला नेलं. तो भाग मुद्दामच सोडला होता, आणि योग्य केलं होतं, असं तिथल्या तपासणीत कळलं. सिंगापूरच्या डॉक्टरांच्या कौशल्यात काही कमी नव्हतंच. पण ते कळायला इतका त्रास व्हावा, हे मला पटलं नाही. दुसऱ्या डोळ्यासाठी मग फार विचार करावा लागला नाही.

लेझर अर्ध्या तासाचं असतं. त्याने पडदा घट्ट धरायला दोनेक आठवडे लागतात, मग कुठे विरळ वाटलं तर पुन्हा थोडं मारतात, आणि त्यानंतरची तपासणी जन्मभराची. हैदराबाद आपल्याला तीनशे किलोमीटरच्या आसपास. रात्री गाडीत बसलं की सकाळी तिथे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कित्येक तेलुगू घरांचे सोयरे तिकडे असल्याने मुक्कामाला कुणी ना कुणी निघतंच. आम्हाला शेजारच्या काकांच्या बहिणीने ठेवून घेतलं. आता शंका आली तर सोलापूरचे डॉक्टर तिकडे फोन करतात आणि दोघांसमोर एकच फाइल असते.

आणखी एक, जे मला जाण्याआधी कुणी सांगितलं नव्हतं. तपासणीत पडदा सुटलेला निघाला आणि ऑपरेशन करून डोळ्यात गॅस भरला, तर तो विरेपर्यंत विमानात बसता येत नाही. त्याला काही आठवडे लागू शकतात. परदेशात तेवढं राहणं कुणाला परवडेल ते ज्याने त्याने पाहावं. हैदराबादहून गाडीने घरी येता येतं.

ज्यांचं कुणी तिकडे कायमचं राहतंय, मूल तिथेच वाढणार आहे, त्यांनी तिकडेच करावं, मीही तेच केलं असतं. सोलापुरात राहणाऱ्यांनी मात्र निदान आधी हैदराबादला किंवा पुण्याला एकदा दाखवून घ्यावं असं मला वाटतं. आणि कुठेही केलंत तरी निघण्यापूर्वी पडद्याचं रेखाचित्र मागून घ्या, कोणता भाग सोडला आणि का, हे त्यावर डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि त्याची एक प्रत इथल्या डॉक्टरांच्या फाइलला लावून ठेवा.