वजनकाटा, फॅट मशीन आणि एलएसयूएसबी: एका कमांडचं परीक्षण

खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या दूध संकलन केंद्रांत एकाच संगणकाला वजनकाटा, फॅट मशीन आणि पावतीचा थर्मल प्रिंटर जोडलेले असतात. सकाळी किटल्यांची रांग लागलेली असताना काट्याचा आकडा पडद्यावर आला नाही, तर लिनक्सवर सगळ्यात आधी एलएसयूएसबी, म्हणजे यूएसबीला जोडलेल्या वस्तूंची यादी दाखवणारी कमांड, चालवावी. यूएसबीयूटिल्स या मोफत पॅकेजमध्ये ती येते. उबुंटू किंवा डेबियनवर नसेल तर 'सुडो एपीटी इन्स्टॉल यूएसबीयूटिल्स'. टाइप करताना सगळं लहान इंग्रजी अक्षरांत.

ही कमांड म्हणजे हजेरीपुस्तक. 'हजर' म्हणाला त्याचं नाव लिहिलं जातं. कोण दारापर्यंत येऊन अडखळला, कोण आत येऊन झोपला, हे त्यात नसतं. साधन उत्तम आहे, पण ही मर्यादा न कळल्यामुळे लोक चांगले काटे दुरुस्तीला पाठवतात.

नुसती एलएसयूएसबी दिली की प्रत्येक वस्तूची एक ओळ येते: बस क्रमांक, डिव्हाइस क्रमांक, आयडी (कंपनी आणि उत्पादन ओळखायचा क्रमांक), नाव. १डी६बी:०००२ आणि १डी६बी:०००३ या ओळी संगणकाच्या स्वतःच्या रूट हबच्या, म्हणजे त्याच्या आतल्या मूळ यूएसबी जोडणीच्या. त्या कायम असणार. नावावर फार विसंबू नका. ते बहुतेक वेळा संगणकातल्या तयार यादीतून येतं, त्यामुळे काट्याच्या कंपनीऐवजी आतल्या चिपचं नाव दिसतं. आयडी मात्र पाठ असावेत. सीएच३४० चिपचा १ए८६:७५२३, एफटीडीआयचा ०४०३:६००१, प्रोलिफिकचा ०६७बी:२३०३. आपल्याकडच्या सीरियल-यूएसबी केबलींत बहुधा यांतलीच एखादी चिप निघते.

खरी किंमत आहे ती 'डॅश टी' या पर्यायाची. तो वस्तू झाडासारख्या मांडतो: कुठल्या हबच्या कितव्या पोर्टवर काय, त्याला कुठला ड्रायव्हर (वस्तू हाताळणारा प्रोग्राम) लागला, वेग किती. सीएच३४० पुढे सीएच३४१ हा ड्रायव्हर दिसला पाहिजे. नाव वेगळं असलं तरी तोच बरोबर. ड्रायव्हरच्या जागी 'नन' असेल तर वस्तू ओळखली गेली, पण तिला हाताळणारा कोणी नाही. याला अपवाद अंगठ्याच्या स्कॅनरसारख्या वस्तूंचा. त्यांतल्या बऱ्याच कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, ड्रायव्हरशिवाय थेट आपल्या सॉफ्टवेअरशी बोलतात, तिथे 'नन' चालतं. वेगाचंही तसंच: यूएसबी ३ ची डिस्क ५०००एम ऐवजी ४८०एम दाखवत असेल तर आधी केबल आणि पोर्ट बदला. 'डॅश टीव्ही' दिलं की त्याच झाडात आयडी आणि नावंही येतात.

आता यादीत नावच नाही, असं धरा. इथे एलएसयूएसबी गप्प बसते, म्हणून शेजारच्या खिडकीत कर्नलचे संदेश दाखवणारी 'सुडो डीमेसेज डॅश डब्ल्यू' चालू ठेवून केबल काढून घाला. एकही ओळ उमटली नाही, तर केबल फक्त चार्जिंगची आहे, पोर्ट मेलाय किंवा वस्तूला वीजच नाही. 'डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड' आणि पुढे उणे ७१ आलं, तर वस्तू बोलते आहे पण बोलणं तुटतं आहे; दोष बहुधा केबलचा किंवा सैल सॉकेटचा. उणे ११० म्हणजे वेळेत उत्तरच नाही. 'इनसफिशियंट अव्हेलेबल बस पॉवर' आलं तर फसगत होते, कारण वस्तू यादीत दिसते आणि तरी चालत नाही. अॅडॉप्टर नसलेला यूएसबी २ चा चार पोर्टचा हब प्रत्येक पोर्टला १०० मिलिअँपिअरच देऊ शकतो, आणि वस्तू त्याहून जास्त मागत असते. ती किती मागते ते 'सुडो एलएसयूएसबी डॅश व्ही' मध्ये मॅक्सपॉवरपुढे दिसतं. तो आकडा मागणीचा आहे, मोजलेला नव्हे. स्वतःचा अॅडॉप्टर असलेला हब घ्या, प्रश्न मिटतो.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागातल्या मशीन शॉपमध्ये दुखणं निराळं. वेल्डिंग किंवा मोठी मोटर सुरू झाली की जोडणी तुटते आणि लगेच परत येते. यादी पाहिली तर सगळं ठीक. अशा वेळी डिव्हाइस क्रमांक बघा. मघाशी ००७ होता आणि आता ०११ आहे, म्हणजे मधे ती वस्तू पुन्हा पुन्हा जोडली गेली. डीमेसेजमध्ये 'ईएमआय' (विद्युतचुंबकीय व्यत्यय) असा शब्दही सापडू शकतो. यूएसबीची केबल छोटी ठेवा, लांबचं अंतर आरएस-२३२ च्या, म्हणजे सीरियल केबलच्या, बाजूने कापा, आणि केबल मोटरच्या वायरींना चिकटून नेऊ नका.

उबुंटू २२.०४ वर एक खास अडचण आहे. सीएच३४० यादीत येतो, पण टीटीवाययूएसबी० (लिनक्सने या केबलच्या पोर्टला दिलेलं नाव) दिसून लगेच नाहीसा होतो. ब्रेल डिस्प्लेसाठीचा (अंधांना स्पर्शाने वाचता येणाऱ्या पडद्यासाठीचा) बीआरएलटीटीवाय हा प्रोग्राम ही चिप आपली समजून ताब्यात घेतो. त्या संगणकावर कोणी ब्रेल डिस्प्ले वापरत नसेल तर तो काढून टाका. वापरत असेल तर त्याच्या यूडेव्ह नियमांतली (वस्तू जोडल्यावर काय करायचं ते ठरवणाऱ्या नियमांतली) फक्त १ए८६:७५२३ ची ओळ बंद करा. पोर्ट दिसतोय पण 'परमिशन डिनाइड' येतंय, तर वापरकर्त्याला डायलआउट गटात (सीरियल पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या गटात) घालून लॉगआउट करून परत या.

सगळ्यात जास्त गोंधळ दोन सारख्या केबलींचा. काटा आणि फॅट मशीन दोन्ही सीएच३४० वर असतील तर एलएसयूएसबीत दोन हुबेहूब ओळी येतात, कारण या चिपवर सहसा सीरियल नंबर नसतो. संगणक पुन्हा सुरू झाला की टीटीवाययूएसबी० आणि १ यांची अदलाबदल होऊ शकते, आणि फॅटच्या रकान्यात किलो येतात. शेतकऱ्याच्या पैशांचा हिशेब त्यावर ठरतो, म्हणून इथे चालढकल नको. 'डॅश टी' वरून कुठला पोर्ट कुणाचा ते ठरवा, हबवर रंगाने खूण करा आणि सॉफ्टवेअरमध्ये टीटीवाययूएसबी० ऐवजी डेव्ह, सीरियल, बाय-पाथ या फोल्डरमधलं नाव द्या. ते नाव पोर्टच्या जागेवरून पडतं, त्यामुळे केबल त्याच पोर्टला राहील तोवर बदलत नाही. सीरियल नंबर असलेली एफटीडीआय केबल असेल तर बाय-आयडी वापरा. मग ती कुठल्याही पोर्टला लावली तरी चालते.