घरबसल्या उपासना: थेट प्रक्षेपणाचा सात महिन्यांचा अनुभव

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर सात महिने मला चर्चच्या पायऱ्या चढता आल्या नाहीत. तेवढे सगळे रविवार मी आमच्या मंडळीचं प्रक्षेपण मोबाइलवर पाहिलं.

चांगलं आधी सांगते. चित्र स्पष्ट, पाळकांचा आवाज स्वच्छ, गीतांचे शब्द खाली पट्टीवर येतात. उपदेश पुन्हा ऐकता येतो. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायावरचा एक उपदेश मी तीनदा ऐकला, आणि दुखण्याच्या त्या दिवसांत त्याने मला खूप धीर दिला.

तक्रार आवाजाची आहे. माइक फक्त पुढे, व्यासपीठावर. मंडळी गाते ते ऐकूच येत नाही. प्रभूची प्रार्थना सुरू झाली की तिकडे पाळक एकटे आणि इकडे मी एकटी. ‘आमच्या पित्या’ म्हणायचं, पण ते ‘आमच्या’ कानाला कुठे लागतच नाही. इ.स. 112 च्या सुमारास रोमन अधिकारी प्लिनीने सम्राट ट्राजानला ख्रिस्ती लोकांविषयी कळवलं, त्यात हेच होतं: ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने गीत गातात. परक्या माणसाने टिपून ठेवलेली ती गोष्टच प्रक्षेपणातून गळते.

दुसरी अडचण माझ्याच बोटाची. सकाळी न पाहता दुपारी पाहायला लागले, तसा पापांगीकार, म्हणजे सगळ्यांनी मिळून म्हणायची पापांची कबुली, पुढे सरकवून मी थेट उपदेशावर जाऊ लागले. बाकावर बसलेल्याला तसं करता येत नाही. ज्या दिवशी ते शब्द नकोसे वाटतात, त्या दिवशीही शेजारची माणसं ते म्हणत असतात आणि आपले ओठ हलू लागतात. मला त्या शब्दांची गरज नेमकी त्याच महिन्यांत होती.

प्रभुभोजन तर पडद्यावरून मिळणारच नव्हतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासना संपली की एक डीकनबाई, म्हणजे मंडळीच्या सेवेसाठी नेमलेल्या बाई, भाकर आणि प्याला घेऊन घरी येत. इ.स. 155 च्या सुमारास जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने रविवारच्या सभेचं वर्णन लिहिलं, त्यातही जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे डीकन वाटा पोचवतात. मध्यस्थीच्या प्रार्थनेत आजाऱ्यांची नावं घेताना प्रक्षेपणाचा आवाज बंद करतात, आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे माझं नाव दर रविवारी घेतलं जात होतं, हे मला या बाईंनी सांगितलं तेव्हाच कळलं. मी घरात एकटी बसून प्रार्थना करत होते, आणि तेव्हाच तिकडे माझ्यासाठीही प्रार्थना चालली होती!

आठव्या महिन्यात गेले. गुडघे टेकता येत नव्हते, म्हणून मागच्या बाकावर बसून राहिले. प्रभूची प्रार्थना सुरू झाली आणि चारी बाजूंनी आवाज आले. एक लहान मूल प्रत्येक ओळीला शब्दभर मागे होतं. मी अर्ध्यात थांबले, पुढचं मला म्हणता आलं नाही. माझ्या वाटचं बाकीच्यांनी म्हटलं.

अंथरुणाला खिळलेल्यांसाठी ही सोय जरूर घ्या. पायऱ्या चढता येतात त्यांनी मात्र तिच्यावर भागवू नये. माझ्याकडून पाचपैकी तीन तारे. मंडळीला एकच विनंती: एक माइक बाकांकडे तोंड करून लावा. घरी पडून असलेल्यांना ते मूलही ऐकू येऊ दे.